काट्याचा कॉम्प्युटर माझ्याच पाळीत का अडायचा

कारखान्याच्या वजनकाट्यापुढं उसाच्या चौदा बैलगाड्या उभ्या, आणि स्क्रीनवर वजन येईना. आमचे शेतकी अधिकारी घुले साहेब केबिनमध्ये आले ते ओरडतच.

"तुमच्याच पाळीत का अडतो हो हा? सकाळी तर बराबर चालतो."

"मला काय विचारता? त्याला विचारा."

"उद्या सुटलं न्हाई, तर तुम्ही गेटवर बसा. काटा दुसरा कुणी बघंल."

मी पिंपळगाव रेणुकाईचा. शाळा चौथीपर्यंत. पण साखर कारखान्यात ऊस मोजण्यात माझी वीस वर्षं गेल्ती. माझ्या वजनावर एकाही गाडीवानानं बोट ठेवलं नव्हतं. गेटवर बसणं म्हणजे मला गावात तोंड दाखवायला जागा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याहून इंजिनिअर आली, वानखेडे मॅडम. कॉम्प्युटर तिच्याच कंपनीनं बसवला होता. त्याच हंगामात जुना काढून हा लिनक्स नावाच्या सिस्टिमवर चालणारा आल्ता.

"काका, वायरिंगमध्ये काही बदललंय का?"

"बिलकुल न्हाई."

खोटं बोललो असं मला वाटलं नाही. मी जे जोडलं होतं ते जुनंच होतं.

तिनं आधी आमचा वजनाचा प्रोग्राम तपासला. तो नुसता वाट बघत बसलेला. मग म्हणाली, "आता कर्नलमध्ये बघावं लागंल."

"कर्नल म्हंजे मिलिटरीतला?"

ती हसली. "तोडणीच्या टोळीला मुकादम असतो ना? कोणी कधी काय करायचं ते तोच ठरवतो. कॉम्प्युटरचा मुकादम म्हणजे कर्नल."

हे मला लगेच कळलं. मुकादम मी चांगले ओळखतो.

तिच्याकडं दोन हत्यारं होती. पहिलं प्रोफाइलर. ते मुकादमाकडं पुनःपुन्हा डोकावतं आणि तो जिथं दिसंल तिथं एक रेघ मारतं. ज्या जागी रेघा जास्त, तिथं त्याचा वेळ जास्त. पाच मिनिटांनी बघितलं, तर एरवीपेक्षा कितीतरी जास्त रेघा एकाच जागी. काट्याची वायर कॉम्प्युटरला जिथं लागते, त्या पोर्टावर.

"म्हंजे मुकादम दारातच अडकला," मी म्हणालो.

"बराबर. पण कशानं?"

त्यासाठी दुसरं हत्यार, ट्रेसर. ते रेघा मारत नाही. मुकादमानं काय केलं, ते एकामागं एक लिहून काढतं. मॅडम स्क्रीनवर बोट फिरवत वजनाच्या आकड्यांची ये-जा वाचायला लागली. चार आलं. चार परत पाठवलं. चार आलं. चार परत पाठवलं. खाली पानंच्या पानं तेच.

"हा कॉम्प्युटर आलेलं अक्षर उलट पाठवतो, काका. ती सवयच असते, बंद करता येते. पण पाठवलेलं पुन्हा त्याच्याकडंच कसं येऊन राह्यलं? बाहेर कुठंतरी दोन तारा एकत्र झाल्यात."

माझी नजर टेबलाखाली गेली.

गाडीवानाला बैलाजवळूनच वजन दिसावं म्हणून मी बाहेर लाल आकड्यांचा बोर्ड लावला होता. त्याची जोडणी मीच केलेली. कॉम्प्युटरकडं येणारी तार आणि तिथून जाणारी तार मी एकाच स्क्रूखाली आवळली होती, जोड घट्ट बसावा म्हणून. दिव्यांच्या वायरिंगची सवय. जुना कॉम्प्युटर उलट काही पाठवत नव्हता, म्हणून खपून गेलं. आणि बोर्डाचं बटण दाबलं, तरच ती जोडणी काट्याच्या वायरला लागायची; ते बटण फक्त मीच दाबायचो. सकाळचा ऑपरेटर म्हणायचा, "कशाला दाखवायचं? इचारलं तर सांगू."

जोड टेबलाखाली होता. साहेब दारात उभे. मी गप्प बसलो असतो, तर आणखी तासभर तरी कुणाला सापडला नसता.

मी खाली वाकलो आणि एक तार ओढून काढली.

वजन झटक्यात आलं. बाहेरून गाडीवान ओरडला, "आला आकडा! पुढं हाला, हाला!"

"ही जोडणी कुणाची?" साहेबांनी विचारलं.

"माझी."

"मंग काल का न्हाई सांगितलं?"

"काल मला माहीत न्हवतं. पण बोर्ड निघणार न्हाई, साहेब. गेटवर बसवा, चालंल."

मॅडम मधी पडली. "बोर्डाला काट्याकडून येणारी, नुसती ऐकायची तार पुरते. बोर्ड राहू द्या."

साहेबांनी खुर्ची माझ्याकडंच ठेवली. माझी पकड आणि स्क्रू ड्रायव्हर मात्र स्टोअरला जमा करून घेतले.

ट्रेसरनं माझं नाव कुठंच लिहिलं नव्हतं. त्यानं फक्त काय झालं ते सांगितलं. कुणी केलं, ते माणसालाच सांगावं लागतं. बिघाड शोधणाऱ्यानं विचारलं, तर आपण स्वतः जोडलेलं आधी सांगावं, कितीही जुनं असलं तरी. मी सांगितलं नाही, त्यात दोन तास गेले आणि बाहेरच्या गाड्यांवरचा ऊस उन्हात तेवढा वाळला.