कुठल्या भिंतीवर लावणार?

दारव्ह्याच्या पुंडलिकराव गावंडे यांच्या स्टुडिओत मी पहिल्यांदा गेले ती नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढायला. "काका, थोडी उजळ करा," असं मी म्हणाले. त्यांनी कॅमेऱ्यामागून मान वर काढली. "चेहरा तुहा हाय, बाई. बदलून पाह्यजे असंल तर समोरच्या दुकानात जा." मला राग आला. फोटो हातात पडल्यावर मात्र मी बराच वेळ बघत बसले. मी सावळी आहे आणि छान दिसते, हे दोन्ही एकाच वेळी मला तोवर कुणी दाखवलं नव्हतं. नोकरी काही मिळाली नाही. पुढच्या महिन्यात मी त्यांच्याकडे काम शिकायला लागले.

काकांना पंच्याहत्तरावं वर्ष लागलं म्हणून हा ग्रंथ निघतो आहे. आनंद आहेच, पण लिहिताना माझा जीव थाऱ्यावर नाही. गौरवग्रंथ म्हटला की काम आटोपल्यासारखं वाटतं, आणि काकांचे पाय तर अजून एका जागी ठरत नाहीत.

डार्करूम त्यांनी हौसेनं बंद केली नाही. औषधांनी हाताची कातडी सोलवटायला लागली, डॉक्टरांनी मनाई केली आणि हवा तो कागदही मिळेनासा झाला. शेवटी निगेटिव्ह स्कॅन करून इंकजेट प्रिंटरवर छापायचं ठरलं. मशीन मी बसवून दिलं. पहिली प्रत बाहेर आली आणि काकांनी ती सवयीनं थेट पाण्याच्या ट्रेमध्ये सोडली. शाई पसरत गेली. "याले पानी चालत नाई, हे सांगाचं तरी," ते म्हणाले.

त्याच सुमारास जवळच्या तांड्यावरच्या सोनीबाई आल्या. त्यांच्या दिवंगत नवऱ्याचा एकुलता एक फोटो उधईनं खाल्ला होता. तो काकांनीच काढलेला, त्यामुळे निगेटिव्ह शाबूत होतं. पांढराशुभ्र फेटा आणि त्याखाली उन्हानं रापलेला काळाभोर चेहरा. डार्करूममध्ये असा फोटो छापताना काका उजेडात तळहाताची सावली धरून चेहरा आणि फेटा दोन्ही सांभाळायचे. इथं तळहाताला कामच नव्हतं. चेहरा राखाडी व्हायचा, नाही तर फेटा मळायचा. चुकून जमलंच तर प्रत ट्यूबलाइटखाली हिरवट दिसायची आणि उन्हात लालसर. काका ती घेऊन सारखे आत-बाहेर करायचे. शेजारचा चहावाला म्हणायचा, "काका, पायीच दिग्रसले निघाले का?"

सोनीबाई दर बाजाराच्या दिवशी यायच्या आणि रिकाम्या हातानं परत जायच्या. शेवटी मी चिडले. "काका, देऊन द्या ना एक. तुमचा काळा रंग जमेपर्यंत बाई जिवंत राह्यली पाह्यजे ना."

"म्हनूनच झोप नाई येऊन राह्यली," काका म्हणाले. "बाईजवळ दुसरा फोटो नाई. हा एकच. तो खोटा कसा देऊ?"

पुढच्या बाजारी सोनीबाईंचाही धीर सुटला. "माहा मानूस एकदा मेला, भाऊ. तुमी त्याले दर बाजारी काहून मारता?"

काका तसेच उठले. हाताशी होती ती प्रत घेतली आणि मला स्कूटर काढायला सांगितली. सोनीबाई बसल्या ती प्रवासी जीप पुढं, आम्ही मागं.

तांड्यावरच्या त्या घरात ट्यूब नव्हती आणि थेट ऊनही येत नव्हतं. उजेड होता तो दारातला, अंगणाच्या मातीवरून उठून आलेला. काकांनी प्रत भिंतीला धरली. हिरवटपणा गेला होता, लालीही गेली होती. प्रत जरा फिकी होती, एवढंच. "आपन भलत्याच ठिकानी पाहून राह्यलो होतो," ते हळूच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या भिंतीसाठी प्रत छापली, दुकानात पाहणाऱ्याला फारच काळी वाटेल अशी. ती टांगल्यावर सोनीबाईंनी पदर डोक्यावर घेतला आणि फोटोसमोर उभ्या राहिल्या. "घरी याले लय उशीर केला," त्या नवऱ्याला म्हणाल्या. मला रडू आवरेना. काका मात्र वाकून कानाजवळची सावली तपासत होते. आठवड्यानं ते आणखी सुधारलेली प्रत घेऊन गेले, तर बाईंनी त्यांना दारातच अडवलं. "आता त्याले हलवू नका, भाऊ."

तेव्हापासून फोटो कुठल्या भिंतीवर लावणार, हे विचारल्याशिवाय काका छापत नाहीत. जमेल तिथं जाऊन भिंत बघून येतात. जुन्या निगेटिव्हच्या पेट्या त्यांनी उघडून ठेवल्या आहेत. ज्यांच्या घरचे फोटो ओल लागून, उधई लागून गेले, त्यांना ते शोधत फिरतात. कधी बाभुळगाव, कधी थेट झरी जामणी. बऱ्याचदा पोचतात तेव्हा फोटो ओळखणारं माणूस उरलेलं नसतं. त्या दिवशी घरी येऊन ते जेवत नाहीत.

शेवटी शुभेच्छा लिहायच्या असतात. काकांसाठी निवांतपणा मागायचा मला धीर होत नाही, तो त्यांना सोसणार नाही. त्यांचे गुडघे चालत राहोत, नजर अशीच तिखट राहो, त्यांना भरभरून आयुष्य मिळो. आणि ज्यांच्या घरची माणसं अजून त्या पेट्यांत आहेत, त्यांनाही काका दाराशी पोचेपर्यंत आयुष्य मिळो.