आधी मॅडम, मग तेल

डॉ. सुमेधा इंगोले मॅडम साठीत पदार्पण करत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात मोठमोठी डॉक्टर मंडळी लिहीत आहेत. त्यांच्यात हा कुठून आला, असं वाचणाऱ्यांना वाटेल. मलाही वाटतं. शाळेशी माझं फारसं जमलं नाही. कधी मंडपवाल्यांबरोबर, कधी बोअरच्या गाडीवर, असा मी फिरत राहिलो. बोअरच्या गाडीवरचे किस्से तर ऐकण्यासारखे आहेत, पण ते राहू द्या. मॅडमची आणि माझी पहिली ओळख फोनवर झाली, आणि तो फोनसुद्धा माझा नव्हता.

जऊळक्याच्या बाजारात आई भाजी विकत होती. मी बाजूलाच भाड्याच्या पिकअपमधून कॅरेट उतरवत होतो. एका बाईला भेंडी देता देता आईच्या हातातली तागडी पडली. ती उचलायला गेली तर उजवा हात उठेना. तोंड एका बाजूला ओढलं गेलं. बोलायला गेली, तर नुसताच आवाज.

"वारं गेलं रे हिच्या अंगावरून," शेजारची कांदेवाली ओरडली. "रज्जाकचाचाकडे ने. पाहात काय राह्यला?"

आमच्याकडे लकवा मारला की वाट तीच. पुढच्याच गावात रज्जाकचाचा लकव्याची मालिश करतात. त्यांच्या तेलाने अर्धा जिल्हा उठून बसला, असं लोक सांगतात. मीही आईला पिकअपमध्ये निजवलं आणि गाडी तिकडेच पळवली.

चाचा अंगणात बसले होते. त्यांनी आईचे दोन्ही हात वर धरले आणि सोडले. उजवा धपकन खाली आला. मला वाटलं, आता बाटली काढतील. त्यांनी खिशातून मोबाइल काढला.

"चाचा, आलोच आहोत तर एक हात तेलाचा..."

"पागल झाला का बे? तेल कुठं पळून चाललं काय? टाइम पळून राह्यला! घे, मॅडमशी बोल."

पलीकडून शांत आवाज आला. "आई शेवटचं नीट कधी बोलल्या होत्या, ते आठव. पाणी-चहा काहीच पाजू नको, ठसका लागून फुप्फुसात जाईल. आणि गाडी घेऊन सरळ वाशीमले ये. मी दवाखान्याच्या दारात आहे."

त्या खरंच दारात होत्या. आधी डोक्याचा फोटो काढला. मेंदूत रक्त अडलं की सांडलं, हे कळल्याशिवाय पुढचं इंजेक्शन देता येत नाही. रक्त अडलेलं निघालं. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या काही तासांतच देता येतं, आणि त्यातही धोका असतो. मला वाटलं, त्या मला विचारतील. त्या आईच्या उशाशी वाकल्या. मी मधेच काही बोलायला गेलो, तर म्हणाल्या, "थांब जरा. मी तुझ्या मायशी बोलून राह्यली. तुझ्याशी मंग." मग आईला सगळं सांगितलं: फायदा काय, धोका काय. "द्यायचं असंल तर डाव्या हातानं माझा हात दाबा." आईने दाबला. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं मॅडम कधीच धरत नाहीत. त्यानंतर त्यांच्या ओपीडीत मी कितीतरी वेळा बसलो, प्रत्येक वेळी हेच पाहिलं.

चाचांकडे मॅडमचा नंबर कसा, हे मला पुढे चाचांनीच सांगितलं. मॅडम आपल्याच जिल्ह्यातल्या खेड्यातल्या. बाहेर शिकून मेंदूविकारतज्ज्ञ होऊन परत आल्या, तेव्हा त्यांच्याकडे लकव्याचे रोगी यायचे ते आठ-पंधरा दिवसांनी, मालिश करून थकल्यावर. कोणी म्हणालं, त्या मालिशवाल्याची तक्रार करा. मॅडम स्वतःच त्याच्या अंगणात जाऊन बसल्या.

"मले वाटलं, भांडाले आली बाई," चाचा सांगतात. "तर म्हणते, चाचा, माझा खांदा धरला आहे, जरा पाहा. मी चोळून देल्ला. मंग म्हणे, तुमच्या हातात गुण आहे, पण तेल मेंदूपर्यंत जात नाही. लोक पहिले तुमच्याकडे येतात, माझ्याकडे नाही. मंग मले फोन तुमीच करा. आधी मी, मंग तुमी."

चाचांनी लगेच हो म्हटलं नव्हतं. "माझं दुकान बंद करता का?" असं त्यांनी रोखठोक विचारलं. मॅडमनी त्यांना दवाखान्यातल्या व्यायामाच्या ताईंकडे आणलं. आखडलेला हात कसा हलवायचा, लुळा खांदा का ओढायचा नाही, हे दाखवलं. आता दवाखान्यातून घरी गेलेल्या रोग्यांचे हातपाय चाचा त्याच पद्धतीने हलवून घेतात. तेल लावतातच. मॅडम त्यावर हसतात आणि म्हणतात, "लावू द्या, पण गोळ्या सोडू नका."

गोळ्यांवरून आठवलं. मानोऱ्याकडच्या तांड्यांवरची माणसं ऊसतोडीला जातात आणि त्यांच्यातल्या मिरगीच्या रोग्यांच्या गोळ्या तिकडे संपतात. मग फडातच झटका येतो आणि कोणीतरी नाकाला चप्पल लावतं. मॅडम माणसं निघण्याआधी तांड्यावर जातात, गोळ्यांची सोय करतात आणि मुकादमालाच समोर बसवून सांगतात, "चप्पल पायातच राहू द्या. रोग्याले कुशीवर करा, तोंडात काही कोंबू नका." एक मुकादम म्हणाला, "मॅडम, मी काय डॉक्टर आहो?" "नाही, पण फडात तुमचंच चालते ना," त्या म्हणाल्या.

आईचा हात हळूहळू उठू लागला. शब्द मात्र येईनात. माझं नावसुद्धा नाही. ज्या बाईचा आवाज अख्ख्या बाजारात घुमायचा, ती भिंतीकडे तोंड करून बसायची. मला त्याचीच जास्त भीती होती. एकदा तपासणीला गेलो, तेव्हा मॅडमनी विचारलं, "बाजारात कशा ओरडत होत्या? मले भेंडी घ्यायची आहे." मॅडमनी स्वतःच सूर लावला, तोही बेसूर. आईला सहन झालं नसावं. एकदम तिच्या तोंडून निघालं, "घ्या वं बाई, कवळी कवळी भेंडी!" बाहेर रांगेतली माणसं डोकावून बघायला लागली. मेंदूतली रोजच्या बोलण्याची वाट अडली, तरी सवयीच्या आरोळीची, गाण्याची वाट कधी कधी मोकळी राहते, असं मॅडमनी मला समजावलं. त्याच वाटेने त्यांनी एकेक शब्द परत आणला. अजून काही अडतात, पण आई बोलते.

हा लेख लिहिताना मी तिला विचारलं, "माय, मॅडमच्या साठीले काय लिहू?" ती बराच वेळ शब्द जुळवत होती. म्हणाली, "लिही... त्या दुपारी जेवत नाही. त्यायचा बीपी... कोण पाह्यते?"

मॅडम, यापेक्षा चांगल्या शुभेच्छा मला सुचणार नाहीत. आम्हाला सांगता तसं वेळेवर जेवा, झोपा, आपलाही बीपी मोजून घ्या. आपण खूप वर्षं निरोगी राहावं. आणि तब्येतीबद्दल आईने विचारलं, तर खरं ते सांगा. ती आता ऐकून गप्प बसणाऱ्यातली राहिलेली नाही.