आक्कांची न झाडलेली खोली

आक्का गेल्या त्या दिवशी सकाळी मी त्यांना पेज भरवत होते. दोन घोट कसेबसे गिळले, तिसऱ्याला मान वळवली आणि विचारलं, "सुमे, त्या खोलीत कुनी केरसुनी न्हाई ना घातली?" मी नाही म्हटलं. "बरं केलंस," म्हणाल्या आणि डोळे मिटले... दुपारपर्यंत श्वास चालू होता, पण बोलणं तेवढंच झालं. माणसं जाताना देवाचं नाव घेतात, लेकराबाळांना हाका मारतात. आमच्या थोरल्या जाऊबाईंनी केरसुणीची चौकशी केली. सांगितलं की लोक गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे. पण त्या खोलीची हकिकत कुणाला तरी नीट सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

मी खडकीची, फायनलपर्यंत शिकलेली. लग्न होऊन मोशीत आले तेव्हा आक्कांच्या काळजीखोर स्वभावाची मला गंमत वाटे. आमचे हे आळंदीच्या बाजाराहून यायला जरा उशीर झाला, तर मी नवी नवरी घरात निवांत आणि आक्का पदर खोचून रस्त्यावर उभ्या. कुणी शिंकलं, ताक फाटलं, यष्टी चुकली, सगळ्यातून त्यांना काहीतरी वाईटच दिसायचं. त्यांचे यजमान, म्हणजे माझे थोरले दीर, त्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो. ते चिडून म्हणत, "मन चिंती ते वैरी न चिंती, ते हिच्यावरनंच काढलंय." आक्का मात्र रस्त्यावरून हलत नसत.

घरातलं माणूस परगावी निघालं की त्याच्या पाठोपाठ केर काढायचा नाही, हे तुमच्याही घरात पाळत असतील. लगेच केर काढतात तो मयत उचलल्यावर. बाकीच्या बायका माणूस वेशीपलीकडे गेलं की केरसुणी हातात घेतात. आक्कांचा नेम जास्त कडक होता. गेलेलं माणूस जिथे जायचं तिथे पोचल्याची खुशाली आल्याशिवाय त्याच्या जागेला त्या केरसुणी लावू देत नसत. पुण्याला किंवा खेडला जाणाऱ्यांपुरतं हे चालून जायचं, कारण संध्याकाळी माणूस परत. पण त्यांचा एकुलता एक मुलगा शिवा खडकीला फिटरचं काम शिकला, मुंबईला गेला आणि तिथून मालवाहू आगबोटीवर चढला, तिथे सगळं अडलं. ओसरीच्या टोकाला दादांनी त्याच्या अभ्यासासाठी बांधलेली खोली होती. तो निघाला त्या सकाळी आक्कांनी दार ओढून घेतलं, ते पोचल्याचं कार्ड येईपर्यंत.

कार्ड आलं. मीच वाचून दाखवलं, "एडनला सुखरूप पोचलो." आक्कांनी लगोलग कोपऱ्यातली केरसुणी उचलली. मी पुढचं वाचलं, "परवा इथून सुटतो." केरसुणी परत कोपऱ्यात गेली. त्यानंतर जे कार्ड येई त्यात तेच. पोचलो आणि निघतो, पोचलो आणि निघतो. मला हसू यायचं. एकदा मी म्हणाले, "अहो आक्का, बोट ती, थांबून कशी चालेल?" तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की हसू घशातच राहिलं. "ज्याचं वाटंवर आसतं त्यालाच कळतं गं," म्हणाल्या. पुढच्या खेपेला येतो, पुढच्या खेपेला येतो, असं करत शिवाची वर्षं जात राहिली, आणि खोलीत धूळ साचत राहिली.

मग पिंपरीला औषधाचा कारखाना निघाला आणि आमच्या घराची धर्मशाळा झाली. जुन्नर-आंबेगावकडचे सोयरेधायरे काम बघायला येत आणि मोशीला आमच्याकडे उतरत. आक्कांच्या बहिणीचा मुलगा बबन तर कारखान्यात चिकटला आणि आमच्याकडेच राहिला. रोज सायकलवरून पिंपरीला जायचा, रात्री ओसरीवर झोपायचा. पौषात नदीकडून बोचरा वारा सुटला, तसा तो खोकायला लागला. दादा म्हणाले, "खोली उघड. एवढी खोली पडून हाय, पाव्हन्यांची खोली करून टाकू." आक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या. "आन् शिवा आवचित आला तर? त्याच्या जागेवर दुसराच निजल्याला बघितला तर दारातनंच म्हागं फिरंल त्यो. म्हनंल, आपली जागा न्हाई ऱ्हायली आता हितं." त्यांना खरी धास्ती होती ती हीच. बोट बुडेल याच्याहूनही मोठी. पोरगा परत येईल आणि स्वतःच्या घरात पाहुणा होईल, याची.

तिसऱ्या दिवशी बबन तापाने फणफणला. आक्का त्याच्या कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या ठेवत होत्या. मध्येच हात थांबवून मला म्हणाल्या, "सुमे, तिकडं शिवाला ताप आला, तर कोन आत घेत आसंल गं?" त्या उठल्या आणि त्यांनी खोलीचं दार ढकललं. जमिनीवर बोटभर धूळ. त्या धुळीखाली शिवाच्या पायांचे दबलेले ठसे, खाटेपासून दारापर्यंत, आणि खाटेखाली एक अर्धी विडी. "विडी वढतो व्हय ह्यो?" आक्का म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या खोलीत हसल्या. मी केरसुणी आणायला वळले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "झाडायचं न्हाई. शेन घिऊन ये." आधी न झाडता सारवायचं म्हणजे गचाळपणाचा कळस, कुठल्याही सासूने सुनेच्या पाठीत धपाटा घातला असता. पण आक्कांनी पदर खोचला आणि ती धूळ, ते ठसे, ती विडीची राखसुद्धा, सगळ्यावरून दाट शेणाचा हात फिरवला. "केर बाह्यर न्हाई गेला. जागच्या जागी हाय," म्हणाल्या. बबनला आत नेऊन नवी वाकळ पांघरली.

अशी ती पाहुण्यांची खोली झाली, आणि आक्कांची काळजी दुपटीने वाढली. आता बबन रोज कारखान्यात जाणार, म्हणजे तो परत येईपर्यंत केर नाही. पाहुणा जुन्नरला गेला, की तो पोचल्याचं कळेपर्यंत केर नाही. दर आठवड्याला फक्त सारवण. वर्षभरात त्या जमिनीवर थरावर थर चढले, उंबरठा बुटका दिसायला लागला. शिवाय प्रत्येक पाहुण्याला अंथरूण देतानाच बजावायच्या, "आमचा शिवा आला तर उठाया लागंल बरं का." एक मानकरी सोयरे यावर रुसून न जेवताच निघून गेले. दादांनी कपाळावर हात मारला. आक्कांना मात्र ते रुसलेले सोयरे घरी पोचले की नाही, याचाच घोर.

आक्का गेल्याची तार शिवाला कुठल्या बंदरात मिळाली कोण जाणे. तो आला तेव्हा तेरावं होऊन गेलेलं. केस विरळ झालेले, अंगात परदेशी कोट. घरात रडारड झाली. बबनने आक्कांचं बजावणं आठवून धडपडत आपली वळकटी उचलली, तर शिवा म्हणाला, "ऱ्हाऊ दे रे. मी काय, आठ दिसांचा पाव्हना." देवाने आक्कांना हे ऐकायला ठेवलं नाही, एवढंच बरं केलं. चार दिवसांनी तो मायेनेच म्हणाला, "काकी, आईच्या नावानं ह्या खोलीला शहाबादी फरशी घालतो. ही जमीन हातभर खणून काढू. पाव्हन्यांना बरं पडंल."

मी त्याला बसवलं आणि त्या जमिनीत काय आहे ते सांगितलं. मुद्दाम सगळं सांगितलं, काही मऊ केलं नाही. मग खाली बसून त्याने तळहात जमिनीवर टेकवला. दादा ओसरीवर अडकित्ता हातात धरून बसले होते, सुपारी कातरायची थांबलेली.

"म्हंजे काकी, तिच्या लेखी मी आजून वाटंतच हाय?"

तो उठला, चपला घालून अंगणात उतरला, मीही मागोमाग बाहेर आले. परत ओसरीवर चढून त्याने चपला काढल्या आणि शाळेतून आल्यासारखा खोलीच्या उंबरठ्यावर उभा राहिला. "आये," त्याने रिकाम्या खोलीत हाक मारली, "आये, पोचलो गं." दादांनी तोंड भिंतीकडे केलं.

मी आत जाऊन केरसुणी आणली.