खंडेनवमीला बंद केलेली मशीन

उल्हासनगरच्या ज्या ऑफिसात मी झाडलोट आणि चहा करते, तिथे लोकांच्या वेबसाईट सांभाळतात. काचेच्या थंड खोलीत मशिनी रात्रंदिवस चालू असतात. मला एवढंच कळतं, की दुकानांच्या, क्लासच्या वेबसाईट त्या मशिनींच्या पोटात राहतात, आणि मशीन चालू असेल तरच त्या फोनवर दिसतात.

सगळ्यात जुन्या मशिनीत माझंही काहीतरी होतं. आमचे हे चामटोलीच्या भजनी मंडळात गायचे. हे गेल्यावर ऑफिसच्या शेठनी माझ्याकडे बघून मंडळाची वेबसाईट पैसे न घेता तशीच ठेवून घेतली. तिच्यावर यांचा एक अभंग होता, आमच्याच ओटीवर रेकॉर्ड केलेला. लोक अभंग ऐकायचे, मी सुरुवात ऐकायची. टाळ लागायच्या आधी हे मला विचारतात, "अगं, पाणी ठेवलंस का?" तेवढंच ऐकून मी बंद करायची. चिखलोलीच्या खोलीवर संध्याकाळी भात लावला की एकदा, रोज. ते फोनमध्ये उतरवून घ्यायचं कधी सुचलं नाही. ऑफिसातच तर आहे, जातंय कुठे, असं वाटायचं.

खंडेनवमीला मी झेंडूच्या माळा घेऊन गेले. शेठ सिंधी, पण पूजेची हौस भारी. म्हणाले, "मावशी, बोलो, तुमच्यात कसं करतात?"

त्या ऑफिसात मी दिवसाला दहा शब्द बोलत नसेन. त्या दिवशी बोलले. हे अंबरनाथच्या कारखान्यात लेथवर होते. खंडेनवमीला लेथ बंद करून, पुसून मगच हळदकुंकू वाहायचे. चालत्या यंत्राची पूजा करायची नाही म्हणायचे. ते सांगितलं.

शेठ त्या सगळ्यात जुन्या मशिनीकडे बघून हसले. "इस बुढिया को कभी छुट्टी नहीं दी. पाप लगेगा मुझे! चला, अर्धा तास आराम."

मशिनी बघणाऱ्या मॅडम बदलापूरहून येतात, त्या सुट्टीवर होत्या. शेठनी स्वतःच बटण दाबलं. मी मशीन कोरड्या फडक्याने पुसली, कुंकू लावलं. पाणी उडायला नको म्हणून नारळ बाहेर फोडला. अर्ध्या तासाने परत बटण दाबलं, तर आतून टक टक आवाज आला आणि मशीन उठलीच नाही.

फोन केल्यावर मॅडम धावत आल्या. "सर, जुनी डिस्क फिरती आहे तोवर फिरते. एकदा थांबली की अडकते. बंद करायला कुणी सांगितलं?"

शेठनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मैंने. माझंच डोकं. पण आत जोडीची दुसरी डिस्क आहे ना, तेच सगळं ठेवणारी?"

मॅडमनी मशिनीवरच्या केशरी दिव्याकडे बोट दाखवलं. "ती केव्हाच गेली आहे. हा दिवा त्याचाच."

तो दिवा मी गणपतीच्या आधीपासून बघत होते. बाकीचे हिरवे, हा एकटा केशरी. रोज त्याच्यावरची धूळ पुसायची. विचारावंसं वाटलं होतं, पण आपण काय विचारायचं, म्हणून गप्प राहिले.

दुकानांच्या वेबसाईटची प्रत दुसऱ्या मशिनीत होती, त्या दोन दिवसांत परत दिसायला लागल्या. मंडळाची नव्हती. मंडळ काही गिऱ्हाईक नव्हे, त्यामुळे प्रत काढायच्या यादीत त्याचं नावच नव्हतं. मंडळातल्या ज्यांच्या फोनवर रेकॉर्ड केलं होतं त्यांनी तो फोन कधीच बदलला होता.

तिसऱ्या दिवशी मी कप उचलत होते, तेव्हा मॅडम म्हणाल्या, "मावशी, रडताय?"

"दिवा मला दिसला होता," मी म्हटलं.

"अहो, दिवा बघायचं काम माझं. तुम्ही का रडता? तुमचं काय होतं त्यात?"

मी सांगितलं. यांचं नाव काही तोंडातून येईना, मग चिठ्ठीवर लिहून दिलं.

"अजून लाजता होय!" मॅडम म्हणाल्या आणि चिठ्ठी मशिनीला चिकटवली, कुंकवाच्या बोटाशेजारी.

डिस्क कधी पाच-दहा मिनिटं फिरायची, मग टक टक करत थांबायची. फिरते तेवढ्यात मॅडम मिळेल ते काढून घेत, ती गार होऊ देत, पुन्हा लावत. मी काम उरकून काचेबाहेर उभी राहायची. शनिवारी चहाच्या वेळेला त्यांनी आत बोलावलं.

"पूर्ण नाही मिळाला, मावशी. सुरुवातीचा तुकडाच आहे. गाणं गेलं."

त्यांनी लावलं. "अगं, पाणी ठेवलंस का?" मग तांब्या खाली ठेवल्याचा आवाज. मग टाळाचा एक ठोका.

तांब्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. रेकॉर्डिंग चालू आहे म्हणून लाजून मी 'हो' म्हटलं नव्हतं, नुसता तांब्या ठेवला होता. आणि पुढचा अभंग, हे गेल्यापासून एकदाही पूर्ण ऐकला नाही. ऐकू कधीतरी, म्हणायची.

मॅडमनी तो तुकडा माझ्या फोनमध्ये घालून दिला. भात लावला की लावते. आता बंद करावं लागत नाही. टाळ एकदा वाजतो आणि आपोआप थांबतं.