म्हातारीच्या अंगावरची ओल

माझा मामा भित्रा आहे. हे मी त्याच्या पाठीमागे बोलत नाही, मामी रोज त्याच्या तोंडावर बोलते. गॅस बंद केला का हे बघायला तो अर्ध्या जिन्यातून परत येतो आणि उतरताना कठडा सोडत नाही. दगडखाणीतल्या छोट्या रेल्वेवर फिटर म्हणून त्याने आयुष्य काढलं, पण सुरुंगाचा भोंगा झाला की सगळ्यांत आधी आडोशाला हाच. "म्हणून तर हातपाय शाबूत ठेवून निवृत्त झालो," असं तो वर म्हणतो.

ती रेल्वे आता उखडली, दगड डंपरमधून जातात. मामाने ती घरातल्या बाहेरच्या खोलीत पुन्हा घातली. प्लायवूडच्या फळ्यावर बोटभर रुंदीचे रूळ, आगपेटीएवढ्या वाघिणी आणि मागे खाणीची उभी भिंत, थर्माकोल कापून त्यावर प्लास्टर थापलेली. बांधणं सोपं, जुनं करणं अवघड, असं त्याचं म्हणणं. नवी कोरी वाघीण खोटी दिसते. तिला गंज हवा, तेलाचे ओघळ हवेत. मामा ब्रश रंगात बुडवतो, फडक्यावर जवळजवळ कोरडा करतो आणि कडांवरून नुसता फिरवतो. भिंतीला चहाचं पाणी, कोळशाची पूड, खडूची भुकटी.

खऱ्या भिंतीला खाणीतले लोक म्हातारी म्हणतात, अंगभर सुरकुत्या आहेत म्हणून. तिच्या पायथ्याशी वजनकाट्याची केबिन आहे आणि त्या केबिनमध्ये मामाची मुलगी, माझी ताई, डंपर मोजत बसते. मामाच्या सगळ्या भीतींची आई म्हणजे ही म्हातारी. तो तिला दिवसभर फोन करायचा. भिंत कशी आहे, दगड पडला का, नोकरी सोड. शेवटी ताई कडाडली, "बाबा, परत 'नोकरी सोड' म्हणालात तर मी या घरात पाऊल ठेवणार नाही!" मामाने शब्द दिला आणि पाळलाही. फोन बंद झाले, भिंत रंगवणं सुरू झालं. रंग जुळावा म्हणून ताई अधूनमधून जेवणाच्या सुट्टीत केबिनच्या दारातून म्हातारीचा फोटो काढून पाठवायची.

त्या दिवशी मला सुट्टी होती. मी गेले तेव्हा मामा स्टुलावर बसून स्वतःलाच शिव्या घालत होता.

"डोळे गेले माझे. हा ओलीचा डाग बघ. मी भिंतीतल्या लोखंडी कडीच्या खाली काढला. नंतरच्या फोटोत बघतो तर कडीला टेकलेला. पुसून परत काढला. आणि आज ताईने पाठवलेल्या फोटोत कडीच्याही वर!"

"अहो, चष्म्याचा नंबर बदला म्हणून कधीची घसा कोरडा करतेय," आतून मामीचा आवाज आला.

मामाने ओला स्पंज उचलला आणि भिंत पुसायला घेतली.

मी यंत्रांची ड्रॉइंग काढते. दोन मापं जुळेनात तर न हलणारा एक बिंदू धरायचा, ही आमची सवय. जुन्या रेल्वेच्या वेळची एक लोखंडी कडी म्हातारीत रुतून राहिली आहे. ती कडी एका जागी धरून मी सगळे फोटो मोबाइलवर एकापाठोपाठ एक सरकवले.

"मामा, तुझं चुकलं नव्हतं."

तो आधी खूश झाला. "मग चुकलं कुणाचं?" म्हणाला, आणि विचारता विचारताच त्याला उत्तर कळलं. स्पंज रुळांवर पडला.

कित्येक दिवसांत पावसाचा थेंब नव्हता आणि डाग वर चढत होता, म्हणजे पाणी भिंतीच्या आतून येत होतं. डागाच्या टोकाशी एक बारीक काळी रेघ होती, प्रत्येक फोटोत थोडी लांब. मॉडेलवर ती नव्हतीच. लेन्सवर केस आला असेल असं समजून मामाने ती काढलीच नव्हती.

त्याने ताईला फोन लावला. वाजत राहिला. दगड फोडायचा क्रशर चालू असला की तिला घंटी ऐकू येत नाही. परत लावला.

माझ्या स्कूटरवर मामा जन्मात बसला नव्हता. त्या दिवशी बसला. सगळी खडी, सगळी वळणं, एकदाही "हळू" म्हणाला नाही. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

खाणीच्या गेटपाशी मी स्कूटर थांबवली. भरलेला डंपर काट्यावर चढला तशी पायाखालची जमीन थरथरली, आणि मी नकळत वर बघितलं. म्हातारी फोटोत कधीच एवढी उंच वाटली नव्हती. मामा मात्र खाली मान घालून, डोक्यावर हेल्मेट नसताना, मुकादमाच्या हाका कानाआड करून सरळ चालत गेला. मी मागोमाग. त्याने केबिनचं दार उघडलं.

"बाहेर ये."

"बाबा! शब्द दिला होतात!"

"नोकरी सोड म्हणत नाही. नुसती बाहेर ये."

मी मोबाइल पुढे केला. ताईने फोटोंकडे पाहिलंसुद्धा नाही. ती लगेच उठली. इतकी लगेच, की मीच चरकले.

"मला दिसत होतं गं," गेटकडे जाताना ती मला म्हणाली. तिचा आवाज फाटला होता. "मुकादमाला सांगितलं, तर म्हणाला, शेवटी फिटरचीच लेक! सगळे हसले. म्हणून फोटो पाठवत राहिले, बाबा तरी आपणहून काही म्हणतील. आणि हे बसले रंग जुळवत!"



"काय फिटर," मुकादम आलाच, "आज भोंग्याच्या आधीच पळापळ?" रांगेतले डंपरवाले खिदळले. पण खाणीचे इंजिनियर फोटो बघून हसले नाहीत. त्यांनी काटा आणि क्रशर बंद करवले, बाजूच्या पायवाटेने वर गेले, दोरीला धरून वाकले आणि त्या रेघेवर प्लास्टरचा आडवा पट्टा मारला. तो तडकला, तर फट रुंदावते आहे असं समजायचं.

आम्ही गेटपाशी थांबलो. क्रशर थांबल्यावर एवढी शांतता झाली की मला माझा श्वास ऐकू येत होता. मामाचे ओठ हलत होते. मला वाटलं देवाचं नाव घेतोय. जवळ सरकले.

"पड," तो पुटपुटत होता. "पड एकदाची."

म्हातारी नाही पडली, तर उद्या ताई परत त्याच केबिनमध्ये बसणार होती. आणि यापुढे ती दोघं काहीही बोलली, तरी लोक फक्त हसणार होते.

इंजिनियर पट्ट्याजवळ वाकले होते. एकदम सरळ झाले. चढताना पाय चाचपत गेलेला माणूस उतरताना पळत होता. "सगळे बाहेर! गेटच्या बाहेर!"

"माझी पर्स आत आहे," ताई म्हणाली आणि वळली.

मामाने तिचं मनगट पकडलं.

"सोडा ना बाबा, दुखतंय."

"दुखू दे."

त्याच क्षणी केबिनच्या पत्र्यावर पहिला दगड वाजला.