सतरा इंच कमरेचा कोट

माझा मेहुणा शिंपी आहे. दुकानाच्या पाटीवर ‘गणवेश’ एवढा एकच शब्द आहे, आणि तो पुरेसा आहे. शाळेतली पोरं, परिचारिका, बँडवाले, पहारेकरी अशा सगळ्यांना तो अडतीस वर्षं कपडे चढवत आला. रस्त्यात समोरून आलेला माणूस त्याला ओळखू येत नाही, पाठमोरा मात्र लगेच येतो. “तो बघा, डावा खांदा उतरता,” म्हणतो आणि हाक मारतो. हाक बरोबर माणसालाच लागते.

आमची लेक मँगा काढते. म्हणजे जपानी वळणाच्या चित्रकथा. तिची गोष्ट समुद्रातल्या दीपगृहावर शिकणाऱ्या सहा मुलींची आहे. सगळ्यांना गणवेश एकच, उभ्या कॉलरचा आणि बारा बटणांचा लांब कोट. एका मासिकाने पहिला भाग बघायला मागवला, आणि तिथल्या संपादकबाईंनी तीसच्या तीस पानं परत पाठवली. सोबत चिठ्ठी होती: ‘गोष्ट आवडली. पण या मुली कपडे घालतात, की कपड्यांसकट जन्मल्या? तीन आठवड्यांत सुधारून द्या, नाहीतर ही जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल.’

लेकीने दोन दिवस कुणाशी धड बोलणं टाकलं. तिसऱ्या दिवशी तिची आई म्हणाली, “मामाला विचार की. जन्मभर दुसरं काय करतोय तो?”

“आई, तो खरे कपडे शिवतो.”

“मग तुला काय खोटे हवेत?”

मामा रविवारी आला. चष्मा पुसून त्याने एकेक पान खिडकीपाशी धरून पाहिलं. लेक नखं कुरतडत उभी.

“ही पोरगी या कोटात शिरते कुठून?” त्याने विचारलं.

“बटणं आहेत ना मामा.”

“बटणं आहेत, काजं कुठायत? आणि पुढची पट्टी पोटापाशीच संपली. हिला आत बसवून वरून टाके मारलेत का?” त्याने पान उलटलं. “ही बघ, शिडी चढतेय. हात गेला वर, कोट तिथल्या तिथे. इतका समजूतदार कोट माझ्याकडून अडतीस वर्षांत झाला नाही.”

मी हसलो. लेक हसली नाही. मामाच्या ते ध्यानात आलं. त्याने चष्मा खिशात ठेवला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “थांब. एक शिवूनच देतो. तू अंगात घाल, आरशात बघ आणि चित्र काढ.” मग नायिकेचं पुढून, बाजूने आणि मागून काढलेलं चित्र त्याने घडी न घालता, वहीत ठेवून नेलं. त्यावर लेकीने उंची लिहिली होती, पाच फूट सहा इंच.

सहा दिवसांनी कोट आला. निळा, अस्तराचा, बारा बटणांचा आणि बारा काजांचा. लेकीने हात घातले, पुढची पट्टी ओढली, आणि दोन कडांमध्ये वीतभर अंतर उरलं.

“कंबर किती धरलीस?” माझ्या बायकोने विचारलं.

“कागदावर होती तेवढी. उंचीवरून हिशोब काढला. सतरा इंच.”

“दादा, सतरा इंच कंबर माणसाची असते का?”

“मला कशाला विचारतेस? गिऱ्हाइकाचं माप बदलायचं नाही, बाबांनी पहिल्या दिवशी शिकवलं. अंगातली खोड कपड्याने झाकायची, बोलून दाखवायची नाही.”

लेक खाली फरशीवरच बसली. अकरा दिवस उरले होते. एकदा बँडवाल्यांच्या तीस पँटी आखूड झाल्या म्हणून परत आल्या होत्या, तेव्हाही मेहुण्याचा चेहरा इतका उतरला नव्हता.

मग त्याने खिशातून छोटी कात्री काढली आणि कोट उलटा केला. आत प्रत्येक शिवणीला दोन बोटं कापड दुमडून ठेवलेलं होतं. शाळेच्या कपड्यांना तो तसं ठेवतोच. पोरं वाढतात, दरवर्षी शिवण उसवून कपडा मोठा करता येतो. ही पोरगी कागदावरची, ती कशाला वाढते? पण हाताला हे कोण सांगणार?

दुपारपर्यंत त्याने सहाही शिवणी उसवल्या आणि नव्याने मारल्या. कोट लेकीच्या अंगाला बसला. फक्त बाह्या बोटांवर लोंबत होत्या, त्या दोनदा दुमडल्या. कमरेपाशी मात्र जुन्या टाक्यांच्या भोकांची रेघ उरली.

“ही जाईल का रे मामा?”

“धुतल्यावर थोडी. सगळी नाही जायची. वाढत्या पोराच्या कपड्यावर असतेच ती. कोण कुठल्या इयत्तेत किती वाढलं, मी रेघा मोजून सांगतो.”

लेक त्या रेघेवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, “हे परत सांग. सावकाश.”

पुढचे दहा दिवस ती मामाच्या दुकानात, त्याच्या तीन पाखांच्या आरशापुढे. “हात वर कर. आता स्टुलावर चढ. आता रुसल्यासारखी बस,” असं हा कानामागे खडू खोचून सांगायचा, आणि ती काढायची. पानं बदलली. एकीच्या कोटावर उसवल्याची रेघ आली. एकीच्या बाह्या दुमडलेल्या, कारण कोट थोरल्या बहिणीचा. एकीचं चौथं बटण वेगळंच, घाईत कुणीतरी लावलेलं. गणवेश एकच राहिला आणि सहा मुली सहा झाल्या.

पानं गेली. आठवड्याने संपादकबाईंचा फोन आला. लेक उभ्याउभ्याच ऐकत होती. फोन ठेवून म्हणाली, “घेतलं. पुढचे भागही मागितलेत.” आणि खुर्चीत बसत म्हणाली, “बाई विचारत होत्या, कोट जिचा आहे ती थोरली बहीण कुठे असते? मला तरी कुठे माहीत होतं. आता शोधावं लागेल.”

संध्याकाळी मी दुकानात गेलो. मेहुण्याचे आभार मानायचे म्हणून वाटेत दोन-तीन वाक्यं जुळवून ठेवली होती. तो बाहेर बादलीपाशी उकिडवा बसला होता, आणि बादलीत तो निळा कोट बुडवलेला.

“भाऊजी, बरे आलात. याची एक बाजू धरा. पुढच्या भागात वादळ आहे म्हणाली. ओलं कापड कसं ओघळतं, तिला काय ठाऊक.”

मी बाजू धरली. कोट चांगलाच जड झाला होता. दोघांनी मिळून तो न पिळता तसाच निथळत दोरीवर टाकला. माझी वाक्यं तिथेच राहिली. मी आत जाऊन त्याच्यासाठी कोरडा पंचा तेवढा घेऊन आलो.