मावशी भागोजी आणि आत्याबाई काशी

राजापूरजवळच्या वाडीतले भागोजी घवाळी विशीत मुंबईला कँटीनमध्ये कामाला होते. शिमग्याला गावी आले की गावच्या नमनाच्या खेळात झांजा वाजवायचे. एका वर्षी गवळणीतली मावशी करणारे अनिलदादा काजू काढताना झाडावरून पडले. कुणाला तरी लुगडं नेसवणं भाग होतं. भागोजी अंगानं सडसडीत, मिशीही बेताची. मंडळींनी त्यांनाच धरलं. गवळणींची वाट अडवणाऱ्या कृष्णाला त्यांनी असं फैलावर घेतलं, की कृष्ण हसता हसता खालीच बसला आणि त्याचा मुकुट पेंद्याला सावरावा लागला.

तेव्हापासून पस्तीस वर्षं मावशी म्हणजे भागोजीच. काशीशी लग्न झाल्यावर तर मावशी आणखी रंगली. कमरेवर हात, मान तिरकी, "अगो बाय माजे" म्हणत कपाळाला हात. लोक विचारायचे, "सुचता कुठना तुमाला?" भागोजी म्हणायचे, "देवाची देणगी." पहिल्या रांगेतली काशी गप्प असायची. आपलं चांगलं लुगडं घामानं खराब होतं, एवढीच तिची तक्रार.

गेल्या वर्षी पावस गावात एका मालिकेचं शूटिंग आलं. दिग्दर्शक शुभंकर यानं मोबाइलवर ही मावशी पाहिली आणि भांडखोर आत्याबाईच्या कामासाठी भागोजींना बोलावलं. लुगडं नीट नेसवायला काशीही गेली, जेवणाचा डबा घेऊन.

भागोजी कॅमेऱ्यासमोर उभे राहिले आणि शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असे गरजले. आवाजाचं यंत्र सांभाळणाऱ्यानं कानांवरचे हेडफोन ओढून काढले.

"काका, जरा हळू," शुभंकर म्हणाला.

भागोजींनी आवाज उतरवला, तर हात उडू लागले. हात आवरले, तर कॅमेऱ्याला डोळा मारला. दहा वेळा झालं. दुपारचे दोन वाजले तेव्हा काशी उठली. कमरेवर हात ठेवून, मान तिरकी करून ती शुभंकरला म्हणाली, "अगो बाय माजे! बाबा, तुजा कॅमेरा जेवत नसल, माजा घोव जेवतो!"

सगळे थक्क झाले. शुभंकर हळूच म्हणाला, "काकी, हे परत बोलाल?"

"माजी नक्कल करतेय ती!" भागोजी ओरडले.

"नक्कल? चालणा माजा, बोलणा माजा, लुगडासुद्धा माजा. लगीन झाल्यापासना मुकाट बगतेय मी."

भागोजी लिपस्टिक लावलेल्या तोंडानं खुर्चीत बसले. मग पदरानं तोंड पुसत म्हणाले, "खरा हाय गो. कर तू."

आत्याबाईचं काम काशीला मिळालं. तिनं अट घातली, "ह्यांना पण काय तरी द्या, नायतर घरात त्वांड फुगवून बसतील." म्हणून भागोजी तिचे नवरोबा झाले, काम फक्त मान डोलवायचं. राजापूरच्या एसटी स्टँडवर बायका काशीबरोबर फोटो काढायच्या आणि फोन भागोजींच्या हातात द्यायच्या.

पण त्यांचा बिचारा चेहरा लोकांना भलताच आवडला. चाळिसाव्या भागात लेखकानं त्यांना एक वाक्य दिलं: "चहा झाला काय?" भागोजींनी दोन दिवस तालीम केली. कॅमेऱ्यासमोर मात्र ते इतक्या हळू, इतक्या घाबरत बोलले, की पहिल्याच फटक्यात काम झालं आणि शुभंकरनं टाळी वाजवली.

परतीच्या एसटीत त्यांनी ते वाक्य काशीला चार वेळा म्हणून दाखवलं. पाचव्या वेळी कंडक्टर म्हणाला, "काका, हातखंब्याला गाडी थांबंल, तेवा प्या."